सव्वादोन किलो कोळसा आणि ताईची खोली : एका हवाशुद्धीकरण यंत्राचे दीड वर्षानंतरचे परीक्षण

हे परीक्षण एका एअर प्युरिफायरचे आहे. पण तो आम्ही धुळीसाठी किंवा दिवाळीच्या धुरासाठी घेतला नव्हता. माझ्या मोठ्या बहिणीला २०१९ पासून जो त्रास आहे त्याला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. मराठीत बहुविध रासायनिक संवेदनशीलता म्हणता येईल. ताजा रंग, फिनेल, अत्तर, डांबरगोळ्या, झेरॉक्सच्या दुकानातली हवा अशा एकमेकांशी काहीही रासायनिक नाते नसलेल्या गोष्टींनी, तेही इतरांच्या ध्यानात येणार नाही एवढ्या मात्रेत, तिचे डोके दुखू लागते, छाती आवळल्यासारखी होते, बोलता बोलता शब्द आठवेनासे होतात आणि पुढचे दोन दिवस अंगात त्राण राहत नाही. ती आता माझ्याकडे पुण्यात राहते. तिच्या खोलीची हवा तिला सोसवेल अशी व्हावी, हा या खरेदीचा एकमेव हेतू होता, आणि यंत्राचे मोजमापही मी त्याच कसोटीवर करणार आहे.

निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या यंत्रांत काय पाहावे आणि कोणत्या दाव्यावर विसंबू नये हे कळले, तर नाव वाचकाला स्वतःच ठरवता येईल.

आधी आमच्या पहिल्या चुकीविषयी. हे यंत्र घेण्यापूर्वी आम्ही बारा हजारांचे एक लोकप्रिय यंत्र आणले होते. खोक्यावर ‘हेपा’ आणि ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’ हे दोन्ही शब्द ठळक छापलेले होते. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते, हे खरे आहे. परंतु ताईला त्रास देणारे बहुतेक पदार्थ कण नसून वायू आहेत, आणि वायूचे रेणू त्या गाळणीतून निर्धास्त पार होतात. वायू पकडण्याचे काम कोळशाचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, तरीही खोक्यावरचा ‘कार्बन’ हा शब्द वाचून मी समाधान मानले, याचे मला आजही वाईट वाटते. तीन महिन्यांनी गाळणी काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तेव्हा कळले की कार्बन म्हणून जे दिले होते तो काळी भुकटी फासलेला पातळ जाळीचा तुकडा होता, आणि चौकटीसकट त्याचे वजन नव्वद ग्रॅमही भरत नव्हते.

कोळसा किती आहे, हा येथे कळीचा प्रश्न आहे. सक्रिय केलेल्या एका ग्रॅम कोळशाच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो. वायूचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. परंतु जागा कितीही मोठी असली तरी ती मर्यादितच असते, आणि हवा कोळशाच्या जितक्या जाड थरातून जाईल तितका रेणूंना चिकटायला वेळ मिळतो. पातळ जाळी काही आठवड्यांत भरून जाते, आणि त्यानंतर आपण केवळ पंखा चालवत असतो.

सध्याच्या यंत्रात सव्वादोन किलो दाणेदार माध्यम आहे. किंमत बासष्ट हजार रुपये पडली, वजन चौदा किलो आहे आणि ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे माझ्या वयाच्या माणसाचे काम नाही. दाण्यांपैकी बराचसा भाग नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा आहे आणि उरलेले दाणे पोटॅशियम परमँगनेटने भिजवलेल्या ॲल्युमिनाचे आहेत. हे दुसरे दाणे महत्त्वाचे, कारण फॉर्मल्डिहाइड या उग्र वासाच्या वायूचा रेणू इतका लहान आणि चंचल असतो की साधा कोळसा त्याला नीट धरून ठेवू शकत नाही. परमँगनेट त्याचे ऑक्सिडीकरण करते, आणि तसे करताना दाण्यांचा जांभळा रंग तपकिरी होत जातो. ही या यंत्रातली माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. पॅनेलवरचा ‘फिल्टर बदला’ हा दिवा केवळ तास मोजतो, पण कप्पा उघडून दाण्यांचा रंग पाहिला की खरी स्थिती डोळ्यांना दिसते.

ताईच्या खोलीच्या बाबतीत फॉर्मल्डिहाइड हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. ती एकोणीस वर्षे ऊतिविकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात टिकवणे, नंतर अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवणे, त्याचे पातळ काप घेणे, हे तिचे रोजचे काम होते. तिथला धूर खेचणारा पंखा शेवटची दोन वर्षे बंद पडला होता. मग २०१९ च्या उन्हाळ्यात ती नव्या घरात राहायला गेली; भिंतींचा रंग ओला होता आणि प्लायवूडची कपाटे नुकतीच बसवलेली होती. पंधरा दिवसांत तिला घरात बसवेना. सुरुवातीला नव्या घरापुरता असलेला त्रास वर्षभरात साबण, डिझेलचा धूर, बसमधल्या सहप्रवाशाचे अत्तर अशा पूर्वी तिला कधीच न बाधलेल्या गोष्टींपर्यंत पसरला.

या दोन पायऱ्यांचे वर्णन अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॉ. क्लॉडिया मिलर यांनी १९९० च्या दशकात केले आहे. एकदाच मोठ्या प्रमाणात किंवा दीर्घकाळ थोडा थोडा असा आधी एखाद्या रसायनाशी संपर्क येतो, त्यातून शरीराची सहनशक्ती ढळते, आणि त्यानंतर पूर्वी निमूटपणे सोसलेले अनेक पदार्थ अल्प मात्रेतही त्रास देऊ लागतात, अशी त्यांची मांडणी आहे. ती ताईच्या कथेला इतकी चपखल बसते की पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. परंतु एखादी मांडणी आपल्या अनुभवाशी जुळते म्हणून ती सिद्ध होत नाही, हेही मला येथे लिहिले पाहिजे.

या आजाराचा इतिहासच वादाचा आहे. शिकागोचे ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० च्या दशकात अशा रुग्णांविषयी लिहिले, आणि येल विद्यापीठाचे मार्क कलेन यांनी १९८७ मध्ये या त्रासाला आजचे नाव व पहिली व्याख्या दिली. १९९९ मध्ये काही वैद्यकांनी सहमतीने निकष ठरवले : त्रास दीर्घकालीन असावा, त्याच संपर्काने तो पुन्हा पुन्हा व्हावा, अल्प मात्रेने व्हावा, कारण दूर केल्यावर कमी व्हावा, एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक रसायनांनी व्हावा, आणि एकाहून अधिक अवयवसंस्थांत जाणवावा. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने १९९६ मध्ये बर्लिनमध्ये झालेल्या बैठकीने ‘रासायनिक’ हा शब्दच टाळावा असे सुचवले, कारण रसायन हेच कारण आहे हे त्या नावात गृहीत धरले जाते.

ॲलर्जी म्हणावी, तर ताईची त्वचाचाचणी आणि रक्तातली आयजीई ही प्रतिद्रव्ये दोन्ही सामान्य आली, फुप्फुसांची चाचणीही सामान्य आली. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत असेच होते. ज्ञानतंतूंवरचे जे संवेदनग्राहक (रिसेप्टर) मिरचीचा तिखटपणा ओळखतात तेच या रुग्णांत अतिसंवेदनशील झालेले असावेत, असा एक विचार आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी कॅप्सायसिनची, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याची वाफ हुंगायला देऊन अशा लोकांना इतरांपेक्षा अधिक खोकला येतो हे दाखवले आहे. गंधाचा मार्ग मेंदूच्या भावना व स्मृती सांभाळणाऱ्या भागाशी थेट जोडलेला असतो, आणि वारंवार उत्तेजनाने तो भाग हळवा होतो, असा दुसरा विचार. तिसरा विचार अनुबंधनाचा, म्हणजे दोन गोष्टी एकत्र अनुभवून शरीराला लागलेल्या सवयीचा. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठात ओमेर व्हान डेन बेर्ख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना एखाद्या वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली. त्या हवेने धाप लागते, छाती भरून येते. पुढे नुसता वास दिला तरी काहींना तीच लक्षणे जाणवली. वास दुर्गंधी असेल तर हे अधिक घडले.

क्यूबेकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये चार हजारांहून अधिक लेख तपासून हा त्रास चिंतेशी निगडित विकारांच्या जवळ नेऊन ठेवला. रुग्णसंघटना आणि काही संशोधक त्यावर रागावले. मला त्या रागाचे कारण समजते, कारण आमच्या अनुभवात ‘चिंता’ हा शब्द निदान म्हणून कमी आणि दाराकडे बोट दाखवण्यासाठी अधिक वापरला गेला. एका तज्ज्ञाने ताईला सात मिनिटांत सांगितले, “घरात बसून फार विचार करता, काहीतरी छंद लावून घ्या.” तिची दोन वर्षांची नोंदवही त्यांनी उघडलीही नाही.

आता पुन्हा यंत्राकडे येते, कारण या वादाचा आणि त्याच्या उपयोगाचा थेट संबंध आहे.

पहिले बारा दिवस हे यंत्र ताईच्या खोलीत जाऊ शकले नाही. नव्या यंत्राच्या प्लास्टिकला, गाळणीच्या डिंकाला आणि पॅकिंगच्या फोमला स्वतःचाच वास असतो. विक्रेत्याने त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. आम्ही ते गॅलरीत सर्वांत वरच्या गतीवर दिवसाचे दहा तास चालवले. कोळशाच्या दाण्यांमधून निघालेली बारीक काळी पूडही त्या दिवसांत झडून गेली. ज्या रुग्णाला संवेदनशीलता आहे त्याच्या घरी असे यंत्र आणल्यावर हे करणे अनिवार्य आहे, आणि माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ते छापलेले असायला हवे.

यंत्राची क्षमता तासाला ३०० घनमीटर हवा अशी लिहिली आहे. ताईची खोली सुमारे ३५ घनमीटरची आहे, म्हणजे कागदावर तासाला आठाहून अधिक वेळा सगळी हवा यंत्रातून फिरायला हवी. पण ही क्षमता वरच्या गतीची असते, त्या गतीला मिक्सरच्या जवळपासचा आवाज होतो, आणि रात्री आम्ही दुसऱ्या गतीवरच चालवतो. त्याहून गंभीर बाब अशी की हा आकडा धूळ, धूर आणि परागकण यांवर मोजलेला असतो, वायूंवर नाही. चीनच्या राष्ट्रीय मानकात फॉर्मल्डिहाइडसाठी वेगळा आकडा आणि गाळणी संपेपर्यंत एकूण किती फॉर्मल्डिहाइड काढू शकेल याचे मोजमाप आहे. आपल्याकडे विकताना हीच माहिती ग्राहकाला का देऊ नये? मी ग्राहकसेवेला तीनदा फोन करून हा आकडा आणि कोळशाचे नेमके वजन विचारले. तिन्ही वेळा मला जाहिरातीतले ‘९९.९ टक्के’ हे वाक्य वाचून दाखवण्यात आले. शेवटी वजन मीच केले.

पुढच्या बाजूला हवेची स्थिती दाखवणारा रंगीत दिवा आहे. त्यावर विश्वास ठेवू नये. आतला संवेदक कोणता पदार्थ आहे हे ओळखत नाही. संत्रे सोलले, हिंग-मोहरीची फोडणी दिली, हाताला सॅनिटायझर लावला, की तो लाल होतो, आणि शेजारच्या घरातल्या पॉलिशचा मंद वास ताईला अंथरुणातून उठवतो तेव्हा तो शांत निळा असतो. सुरुवातीला दिवा लाल झाला की ताईची छाती दडपायची. ते आमच्या ध्यानात आल्यावर आम्ही त्यावर कागदी पट्टी चिकटवली. यंत्रात आयनायझरचे, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या भागाचे एक बटण आहे, तेही आम्ही कायमचे बंद ठेवले आहे. आयनायझरमधून थोडाफार ओझोन निघू शकतो, आणि ओझोनची लिंबाच्या वासाच्या फरशी-द्रवातल्या लिमोनीनशी क्रिया झाली की त्यातून नवे फॉर्मल्डिहाइड तयार होते. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राने ही सोय द्यावी, हे मला अक्षम्य वाटते.

ऋतूंचा परिणाम दीड वर्षात स्पष्ट दिसला. पावसाळ्यात हवेतले बाष्प कोळशाच्या छिद्रांतली बरीच जागा अडवते आणि यंत्र मंदावल्यासारखे वाटते. एप्रिल-मे महिन्यांत खोली तापली की कोळसा आधी धरून ठेवलेले काही वायू परत सोडतो. एका दुपारी बंद यंत्र सुरू केल्याबरोबर मार्चमधल्या वॉर्निशचा वास आला. तेव्हापासून उन्हाळ्यात ते बंद करत नाही आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवतो.

ताईनेच सुचवलेल्या एका प्रयोगाविषयी सविस्तर लिहिते. वर्षानंतर नवी गाळणी आली तेव्हा जुनीही घरातच होती. ताई म्हणाली, “तू रोज नाणं उडव, छापा पडला तर नवी घाल, काटा पडला तर जुनी. मला सांगू नकोस. सकाळी उठल्यावर डोकं किती दुखतंय त्याला मी शून्य ते दहा गुण देईन.” नवी गाळणी आधी गॅलरीत पुरेसा वारा देऊन घेतली, म्हणजे वासावरून ओळखू येऊ नये. गाळणीच काढून टाकली असती तर पंख्याचा आवाज बदलला असता, म्हणून दोन्ही वेळा कप्पा भरलेलाच ठेवला. चोवीस रात्री हे केले. एरवीच्या वीस रात्रींत नव्या आणि जुन्या गाळणीच्या गुणांत सांगण्याजोगा फरक पडला नाही. उरलेल्या चार रात्री वरच्या मजल्यावर लाकडाला पॉलिश चालू होते; त्यातल्या नव्या गाळणीच्या दोन सकाळी ताईने तीन आणि दोन गुण दिले, जुनीच्या दोन सकाळी सात आणि सहा. चार रात्रींवरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शिकवत आले आहे. तरीही ते आकडे नोंदवहीत आहेत, आणि मी ते लपवणार नाही. वीस रात्रींचेही नाही.

२००६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा ३७ आव्हानचाचण्यांचा, म्हणजे रुग्णाला मुद्दाम रसायनाचा किंवा खोटा संपर्क देऊन केलेल्या चाचण्यांचा, आढावा घेतला होता. रुग्णाला रसायन खरे आहे की खोटे हे ओळखता येत होते तेव्हा लक्षणांत फरक दिसला. ओळखता येत नव्हते तेव्हा तो दिसेनासा झाला. त्यांच्या मते अपेक्षा आणि पूर्वग्रह यांचा यात मोठा वाटा असावा. मी हा निष्कर्ष ताईला वाचून दाखवला तेव्हा ती दुखावेल असे वाटले होते. ती म्हणाली, “मला जे होतं ते होतंच गं. ते कशानं होतं, एवढंच शोधायचंय, आणि त्यात कुणाची बाजू घ्यायची नाहीये.” वास न येणाऱ्या मात्रेवर, अनेक तास, वारंवार होणाऱ्या संपर्काची चाचणी प्रयोगशाळेत काही मिनिटांत होत नाही, हा आक्षेपही मला रास्त वाटतो. म्हणून मी कोणत्याही एका कारणाच्या नावाने हे यंत्र विकत घ्या किंवा घेऊ नका असे सांगत नाही.

ताईला प्रत्यक्ष आराम कशाने पडला याचा क्रम मात्र नोंदवहीतून निर्विवाद निघतो, आणि त्यात यंत्र पहिले नाही. सर्वांत मोठा फरक पडला तो तिच्या खोलीतले प्लायवूडचे कपाट बाहेर काढून लोखंडी आणल्यावर. प्लायवूड जोडणाऱ्या युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळेतून उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षे वायू सुटत राहतो. त्यानंतर डांबरगोळ्या, मच्छर मारण्याचे द्रव, सुगंधी कपडेधुणी पावडर आणि उदबत्ती घरातून गेली. गणपतीत धूप आणि कापूर आम्ही गच्चीवर लावतो, आरतीला खाली फक्त तुपाचे निरांजन असते. सोसायटीतल्या बायकांनी हे समजून घेतले याचे मला फार बरे वाटते. स्वयंपाकघरात अठराशे रुपयांचा एक्झॉस्ट पंखा बसवला. बासष्ट हजारांचे यंत्र या सर्वांनंतर चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येते. उगम तसाच ठेवून यंत्र घेतले असते तर पैसे वाया गेले असते, असे मी ठामपणे म्हणेन.

दुरुस्तीसेवेबद्दल थोडेसे. पहिल्या भेटीला आलेल्या तंत्रज्ञाने उग्र डिओडरंट मारले होते आणि ताईला दोन दिवस खोली सोडावी लागली. दुसऱ्या वेळी आधी फोन करून विनंती केली, तेव्हा तो मुलगा अत्तर न लावता, स्वच्छ शर्टात आला आणि दारात उभा राहून विचारता झाला, “मावशी, चालेल ना आता?” काम त्याने उत्तम केले. गाळणीचा संच मात्र नऊ हजारांना पडतो आणि आमच्या वापरात वर्षभरच टिकतो. हा खर्च खरेदीच्या वेळी कुणीही सांगत नाही.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, ज्यांनी घरातले उगम आधीच दूर केले आहेत, आणि तरी शेजारचा रंग, पॉलिश किंवा रस्त्याचा धूर आत येतो व खिडकी उघडता येत नाही, त्यांना एका खोलीसाठी हे यंत्र उपयोगाचे आहे. माझ्या लेखी त्याला पाचपैकी साडेतीन गुण; कोळशाचे वजन आणि वायूंवरची क्षमता खोक्यावर छापली असती व आयनायझर वगळला असता तर मी चार दिले असते. केवळ धुळीसाठी हवे असेल तर याच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीत काम होते. निदानाला मात्र यंत्राचा पर्याय नाही : दमा, मायग्रेन, थायरॉइड यांची तपासणी आधी करून घ्यावी, आणि मिलर यांनीच तयार केलेली पन्नास प्रश्नांची प्रश्नावली भरून ती ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावी.

आमच्या इमारतीत रंगकाम दसऱ्याच्या आधी सुरू होते. यंदा तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर रंगारी येणार आहेत, तारखा मी लिहून घेतल्या आहेत. नवी गाळणी मागवली आहे, आणि कालपासून ती गॅलरीत वारा खात आहे.